वेताळाच्या फौजेचे डोळे

कर्जतहून कशेळ्याला जाणारी जीप कधीच भरत नाही. म्हणजे माणसं भरतात, चांगो ड्रायव्हरचं मन भरत नाही. "सरकून घ्या रं, घरचीच मानसं हायत," म्हणत तो आणखी दोघांना आत कोंबतो. मग कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत आणि कुणाची कोथिंबीर कुणाच्या कानात, ते ज्याचं त्याने बघून घ्यावं.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी विनिता अशीच खिडकीला चिकटून बसली होती. मांडीवर व्रताची पिशवी. तिच्यात नारळ, फळं, शेवंतीची वेणी, घटात ठेवायच्या डहाळ्या. पोटात सकाळपासून घोटभर दूध. शेजारी एक तरुण होता, आणि त्याने मांडीवरचा बुटांचा खोका असा जपून धरला होता, जसं काही काठोकाठ भरलेलं तुपाचं पातेलं घेऊन निघालाय.

कडाव आलं. विनिताने सवयीने गणपतीच्या दिशेने हात जोडले, डोळे मिटले… आणि नेमका तेव्हाच गतिरोधक आला. जीप उडाली, माणसं उडाली, खोक्याचं झाकणही उडालं.

"कुणी हलू नका," तो तरुण म्हणाला. आवाज हळू होता, पण सगळे खरंच थिजले. "तुमच्या पायाखाली माझं सैन्य आहे."

मागच्या बाकावरच्या कमळ्याबाबाने धोतराच्या घडीतून बोटभर उंचीचा एक बाहुला काढला आणि उजेडात धरला. "खेळनी हायत का रं ही?"

"नाही बाबा. फौज आहे."

"कुनाची?"

"वेताळाची."

जीपमधले झाडून सगळे पाय वर गेले.

"चावत नाहीत हो," तो बाकाखाली वाकत म्हणाला. "हा खवीस, हा मुंजा, हा पाण्यातला गिऱ्हा. मीच बनवलीत सगळी. टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या, दोघांनी आपापलं सैन्य लावायचं, टेपने मोजून पुढे सरकवायचं, फासे टाकून लढायचं. खेळ आहे."

"ते समदं खरं," आरशातून चांगो म्हणाला, "पन भाडं तुज्या एकट्याचं घेतलंय. या बाकीच्यांचं कोन देनार?"

विनिताच्या ओढणीत तीन भुतं अडकली होती. तिने ती एकेक करून सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. कोरीव चेहरे, भुवया, नाकं… आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" त्याने विचारलं.

"यांना डोळेच नाहीत अजून," ती म्हणाली. "बघतच नाहीत, तर भ्यायचं कशाला?"

तो काहीतरी बोलणार होता. पण कशेळं आलं, आणि उतरताना माणसाला एकच काम असतं – आपले दोन्ही पाय आपलेच आहेत याची खात्री करणं.

*

संध्याकाळी पूजा मांडताना सोनुआत्या मधेच थबकली. विनिताची आई गेल्यापासून घर तीच सांभाळायची. देवघरातलं तिला सगळं पाठ होतं, म्हणून नवीन काही दिसलं की ती आधी हात जोडायची आणि मग चौकशी करायची.

"विने, ही कंची गं देवी आणलीस? वेणीत बसलीया. मी हळदकुंकू लावलंय, पन नाव ठाऊक नाय."

विनिताने वाकून पाहिलं. मोकळे केस, उलटी पावलं. हडळ. कपाळाला ठसठशीत कुंकू.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "सखाभाऊ मूर्तिकार इथेच राहतात का? माझी एक बाई हरवलीय…"

आत्याने डोळे वटारले. मग खुलासे झाले. त्याचं नाव स्वराज. घर खालापूरला, नोकरी रसायनीतल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, गुरुवारी सुट्टी. आईने भुतांना घरात घ्यायला साफ नकार दिल्यामुळे तो सुट्टीच्या दिवशी खोका घेऊन कशेळ्याला मामाकडे येई आणि तिथल्या माळ्यावर बसून फौज रंगवी. चांगोने जीपमधल्या प्रत्येकाचं घर सांगितलं होतं, आणि हे तिसरं घर होतं.

विनिताने हडळ त्याच्या हातावर ठेवली. त्याने कपाळाकडे बघितलं.

"हिला आता लढाईवर कसं पाठवू?"

"नको पाठवूस," आत्या म्हणाली. "सवाष्ण हाय. साडी-चोळी करून लावून दे."

हसताना त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे माघी गणपतीच्या मूर्ती फळीवर ओळीने बसल्या होत्या. काही अजून पांढऱ्या, काही रंगवलेल्या. एका मूर्तीचे डोळे पुरे झाले होते. स्वराज त्या मूर्तीसमोर गेला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. मग चप्पल काढली.

"हे कुणी काढले?"

"विनिता काढते," दारात हात पुसत आलेले तिचे बाबा, सखाभाऊ, म्हणाले. "डोळ्यांची आखणी तिची. माजा हात कापतो आता."

स्वराज वळला. "माझ्या सैन्याला डोळे घालाल? माझ्याने होत नाहीत. मी घातले की सगळी भुतं झोपेतून उठल्यासारखी दिसतात. माघातल्या पहिल्या रविवारी कर्जतला सामना आहे, माझ्या मित्राशी. दर वर्षी हरतो मी."

"भुतांचं डोळं, गनपतीच्या कारखान्यात?" आत्या म्हणाली.

सखाभाऊंनी बोटाने हनुवटी खाजवली. "शंकराच्या लग्नाला वऱ्हाडी कोन व्हते गं सोनू? हीच ना? बापाच्या लग्नात चालली, ती लेकाच्या घरात न चालायला काय झालं?"

सगळ्यांनी विनिताकडे पाहिलं. तिने खाली बघत मान हलवली… आणि आपण इतक्या पटकन मान का हलवली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

*

आखणीला बसल्यावर विनिता बोलत नसे. अंघोळ करायची, अथर्वशीर्ष म्हणायचं, ब्रश उचलला की दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत मौन. नियम देवासाठी होता. पण भुतांना वेगळा नियम लावून त्यांचा मान का कमी करा, म्हणून तिने तोच ठेवला.

स्वराजला हा नियम फार सोयीचा पडला. तो शाडूच्या गोणीवर बसे आणि एकटाच बोले.

"गुरुवारचा उपास. संकष्टीचा उपास. सोमवारी?"

ब्रश न हलवता तिने डाव्या हाताचं एक बोट वर केलं. एकभुक्त.

"म्हणजे तुमच्याबरोबर माणसाने जेवायला बसायचं कधी?"

ब्रश घसरला. त्या दिवशी एक मुंजा तिरळा झाला.

पहिली तुकडी पुरी झाली तेव्हा स्वराजने ती पाटावर मांडली आणि एकेकाला उचलून डोळ्यांसमोर धरलं.

"चुकलं का काही?" तिने विचारलं.

"चुकलं असं नाही… हा खवीस आहे ना?"

"हो."

"तलवार उपसलीय त्याने?"

"हो."

"मग तो असा का बघतोय, जसं काही विचारतोय, बाळा, जेवलास का?"

विनिताने वाकून पाहिलं. खरंच होतं. गिऱ्हा माणसाला बुडवायला निघाला होता आणि डोळ्यांतून अपार करुणा ओतत होता. हडळ माहेरी आलेल्या गौरीसारखी तृप्त होती. तिचा हात लहानपणापासून एकच नजर शिकला होता. जिच्यापुढे माणूस हात जोडतो, ती. नवरात्रात महिषासुराचे डोळेसुद्धा बाबाच काढायचे.

"मला राग काढता येत नाही," ती हळूच म्हणाली. "कधी काढलाच नाही."

"मग आणू या तुम्हाला राग," स्वराज म्हणाला. "त्यात काय मोठं?"

पण ते मोठंच निघालं. पुढच्या गुरुवारी तो म्हणाला, "साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपास नाही, चैन आहे." ती म्हणाली, "खरंय," आणि पुढच्या खेपेपासून नुसतं ताक प्यायली. नंतर एकदा तो म्हणाला, "तुमच्या मोदकाची कळी फुटते, असं मामी म्हणत होती." ती उठली, आत गेली, आणि अर्ध्या तासाने वाफाळते मोदक त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "फुटलेले मी बाजूला काढलेत. बघा बरं." त्याने बघितले. सगळे बघितले. ताटात एकही उरला नाही.

"असं कसं चालेल?" तो बोटं चाटत म्हणाला. "माझं सैन्य माझ्या शत्रूला आशीर्वाद देतंय."

पौषात मामाच्या शेतावर पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं घालून वर जाळ. गुरुवार होता, म्हणून विनिता गेली नाही. शुक्रवारी सकाळी ती उपास सोडायला बसणार, तोच बाहेर जीपचा हॉर्न वाजला. चांगोच्या हातात केळीच्या पानाचं पुडकं होतं.

"तुमच्या भूतवाल्यानं दिलंय. तुमच्या वाट्याच्या शेंगा येगळ्या मडक्यात भाजल्यान त्यानं, अंडी-कोंबडीचा हात लागू दिला नाय म्हनून. बोटं पोळल्यात त्याची. फुंकर मारीत बसला व्हता."

विनिताने एक शेंग सोलली. गार झाली होती, पण धुराचा वास होता. तिने ती खाल्ली नाही. नुसती हातात धरून बसली.

त्या दिवसापासून तिचा हात मंदावला. फौज पुरी झाली की खोका बंद होणार, आणि खोका बंद झाला की गुरुवार नुसता उपासाचा उरणार. ती डोळा काढी, पुसे, पुन्हा काढी. आणि गंमत अशी, की सामना जवळ आला होता तरी स्वराज एकदाही "लवकर करा" म्हणाला नाही. पण तो आणखी काहीही म्हणाला नाही. आणि विनिता तर स्वतःहून विचारणाऱ्यांतली नव्हती.

*

माघ उजाडला. एका मंगळवारी दारात गोल चष्म्याचा एक हसरा मुलगा उभा राहिला.

"मी झुहेब. कर्जतला चष्म्याचं दुकान आहे माझं. स्वराजचा दोस्त… आणि रविवारपुरता दुश्मन. त्याची फौज बघायला आलोय चोरून. त्याला सांगू नका हां."

विनिताने पाट पुढे केला. झुहेबने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, यांच्याशी लढू कसा मी? यांना तर शिरखुर्मा वाढावासा वाटतोय."

ती हसली. आत्याने चहा आणला. झुहेबने बशीत ओतला आणि गप्पांच्या ओघात म्हणाला, "त्याचं लक्षच नाही बघा. आता परवाचीच गोष्ट, कळंबला मुलगी बघून आला. अम्मी घेऊन गेली त्याची. सांगितलं असेल ना तुम्हाला?"

विनिता पाटावरचा एक मुंजा सरळ करत राहिली. तो सरळच होता.

"अरे," झुहेब स्वतःशीच म्हणाला, आणि चहा न संपवता निघाला.

राग यावा असं काहीच नव्हतं. त्याने तिला काही वचन दिलं नव्हतं. मुलगी बघणं हा काही गुन्हा नाही, आणि कळंब हे चांगलं गाव आहे. हे सगळं विनिताने देवासमोर बसून स्वतःला नीट समजावून सांगितलं. मग बुधवारी अंघोळ केली, अथर्वशीर्ष म्हटलं, ब्रश उचलला, आणि जुने डोळे एकेक करून रंगाखाली बुजवले.

या वेळी हात थांबलाच नाही. बुबुळं आपोआप वर चढली, पापण्या आपोआप आवळल्या, कडेची लाल रेघ कुणी न सांगता आली. शेवटी तिने वेताळाला हातात घेतलं.

आत्याने येऊन एकदा पाहिलं आणि काही न बोलता पाटावर टोपली उपडी घातली. "सकाळी दूध नासलं," ती सखाभाऊंना म्हणाली. "मी कुनाला नाव ठेवीत नाय. पन नासलं."

खरी पंचाईत पुढे होती. माघी चतुर्थी तोंडावर आली होती. बाकीच्या मूर्ती गेल्या होत्या, हिरूशेटच्या घरचा मोठा गणपती तेवढा राहिला होता, आणि तो न्यायला ते गुरुवारी संध्याकाळी यायचे होते. सगळं झालं होतं. डोळे सोडून.

गुरुवारी सकाळी विनिता त्याच्यासमोर बसली. ब्रश उचलला. हात टेकवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्याने नाही होणार. हातात भलतंच काहीतरी आलंय. देवात उतरेल."

सखाभाऊंनी टोपली उचलून बघितली आणि हलकेच परत ठेवली. "माजा हात कापतो, पोरी. देवाचं डोळं वाकडं करन्यापरीस मी हिरूशेटचे पाय धरीन." मग म्हणाले, "संध्याकाळपत्तोर येळ हाय." आणि गुरांना पाणी दाखवायला गेले, जरी ते नुकतंच दाखवून झालं होतं.

*

दुपारी स्वराज आला. टोपली उचलली आणि मागे सरकला.

"हे… हे बघतायत."

"तुम्हाला हवे होते तसे," विनिता म्हणाली.

"हवे होते. पण आता खोक्यात हात घालायची भीती वाटते." त्याने वेताळ उचलला, डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. "आणि हा माझ्याकडेच बघतोय. कुठूनही बघा. माझ्याकडेच."

"असेल."

"विनिता, मार्गशीर्षापासून जिवाचं रान करतोय मी तुम्हाला राग यावा म्हणून. मला नाही जमलं. कुणाला जमलं?"

ती ब्रश धुऊ लागली. धुतलेला ब्रश पुन्हा धुऊ लागली. "कळंबचा रस्ता आता चांगला झालाय म्हणतात."

स्वराज गोणीवर बसला. "झुहेब," तो म्हणाला.

"चष्मेवाले आले होते. चांगले आहेत ते."

"त्याला बघतो मी रविवारी." तो थोडा वेळ वेताळाकडे बघत राहिला. वेताळ त्याच्याकडे बघत होताच. "आई घेऊन गेली मला. तिला नाही म्हणता आलं नाही… आणि नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो? तुम्हाला तर विचारलंच नव्हतं. मुलीने पोहे आणले. मग आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. ती म्हणाली, सुट्टीत काय करता? मी सांगायला लागलो. फौज, मग डोळे, मग म्हटलं, एक मुलगी आहे, तिला राग काढताच येत नाही, ती हडळीवरसुद्धा माया करते. बोलतच राहिलो. शेवटी ती म्हणाली, अहो, तुम्ही मला बघायला आलात की तिच्याबद्दल सांगायला?"

"मग?"

"मग काय. खाली येऊन पोहे संपवले. चांगले होते."

विनिताच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिने तो लगेच जागेवर आणला.

"परतताना आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, नुसती भुतं आणणार असशील तर घरात पाऊल टाकायचं नाही. त्यांचे डोळे काढणारी येणार असेल, तर भुतांचंही बघू." त्याने वेताळाचं तोंड दुसरीकडे फिरवलं. "मला आधी तुम्हाला विचारायचं होतं. म्हणून गुरुवारची वाट बघितली."

"का? बाकीच्या वारी जीप बंद असते?"

स्वराज ताठ बसला. हा राग होता, खराखुरा, आणि तो विनिताच्या तोंडून आला होता. त्याला इतका आनंद झाला की पुढचं वाक्य त्याने न अडखळता म्हटलं. "तुम्ही माझ्याशी लग्न कराल?"

चुलीवरचं आधण तेवढं ऐकू येत होतं. आत्याने आतून झाकणसुद्धा हलवलं नाही.

विनिता उठली. मोरीवर जाऊन हातपाय धुतले. पदराच्या जागी ओढणी खोचली, मोठ्या गणपतीसमोर बसली, डोळे मिटून पुटपुटली, आणि ब्रश उचलला.

"हे… 'नाही' आहे का?" स्वराजने विचारलं.

"आता ती बोलायची नाय," आत्या दारातून म्हणाली. "आखणीला बसलीया. गप ऱ्हा."

तो गप राहिला. मांडीवर खोका, खोक्यात ती सगळी रागावलेली मंडळी.

रविवारच्या सामन्याचं इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुणीतरी विचारेल. स्वराज हरला. फौज मांडली तेव्हा झुहेबने खुर्ची मागे सरकवली होती हे खरं, पण फाशांना कुठे काय दिसतं? तरी हरल्यावर सगळ्यांना वडे त्यानेच खिलवले, आणि झुहेब सांगतो, की इतक्या आनंदाने हरणारा माणूस त्याने पाहिला नाही.

पण ते रविवारी. गुरुवारी मात्र ऊन अंगणातून ओट्यावर आलं, ओट्यावरून उंबऱ्यावर आलं, आणि स्वराजला वाटू लागलं की आपली दाढी वाढतेय. तिची पाठ त्याच्याकडे होती. कोपराची बारीक हालचाल तेवढी दिसत होती. एकदा तिने मान कलती केली. एकदा मूर्तीकडे बघून श्वास रोखला. दुसऱ्या डोळ्याच्या शेवटच्या रेघेला तिचा कान लाल झाला होता… पण हे त्याने पाहिलं की त्याला नुसतं वाटलं, हे तो खात्रीने सांगू शकत नाही.

बाहेर टेंपो थांबला. सखाभाऊ हिरूशेटना घेऊन आत आले. विनिता ब्रश ठेवून बाजूला झाली होती, पण बोलली नव्हती.

सखाभाऊ मूर्तीच्या अगदी जवळ गेले. आयुष्यभर त्यांनी देवाचे डोळे बघितले होते. शांत, प्रसन्न, कृपाळू. हे तसे होते, आणि अगदी तसे नव्हते. पापण्या किंचित झुकल्या होत्या. बुबुळं खाली होती, पण जराशी कडेला कललेली. जसं बघायचंय, पण बघताना कुणी बघू नये.

"विने," ते म्हणाले, "ह्यो गनपती लाजतोय."

"गनपती लाजतो व्हय कुटं?" हिरूशेट पुढे वाकून म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ बघितलं आणि खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली. "पन ब्येस वाटतोय. माज्या घरात असला नव्हता कदी."

सखाभाऊंनी मूर्तीकडे बघितलं. मग मूर्तीची नजर जिकडे कलली होती, तिकडे बघितलं. तिथे शाडूच्या गोणीवर एक पोरगा भुतांचा खोका मांडीवर घेऊन, श्वास घ्यायचं विसरून बसला होता. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून रंगाच्या वाट्या एकात एक रचत होती, आणि त्या रचल्या जात नव्हत्या.

"सोनू, चहा टाक गं," सखाभाऊ आतल्या दिशेला म्हणाले. "हिरूशेटला बिनसाखरेचा. आनि जावईबापूंना कसा लागतो, ते त्यांनाच इचार."